काट्यासाठी एवढं राखून

तात्या, परवा मोळी आहे आणि यंदा तुमचा फोन येणार नाही.

दहा वर्षं नेमानं आला. साखर कारखान्याच्या गव्हाणीत हंगामाची पहिली उसाची मोळी पडायच्या दोन दिवस आधी, सकाळी, मी डबा भरत असताना. "प्रज्ञा, किती राखलंस?" एवढंच. 'बरी आहेस का' नाही, 'घरचे कसे आहेत' नाही. मी आकडा सांगायचे. तुम्ही म्हणायचात, "थोडं वाढीव की." मी म्हणायचे, बघते. "बघते म्हंजी न्हाय," असं म्हणून तुम्ही फोन ठेवून द्यायचात. आज सकाळी कणीक मळताना मी उगाच फोन ओट्यावर हाताशी ठेवला होता. सवय, दुसरं काय.

तुम्हाला जाऊन अठरा दिवस झाले. दशक्रियेला नदीकाठी मांडव होता. प्रवचन संपलं, माइक पुढाऱ्यांच्या हातात गेला आणि तो काही सुटता सुटेना. तुमचा जन्म, शिक्षण, नोकरी, मुलंबाळं, सगळं सांगून झालं. एकानं तर तुम्हाला दुसऱ्याच खात्यातून निवृत्त करून टाकलं. तुम्ही असतात तर टोपी काढून डोकं खाजवलं असतंत. ते सगळं मी इथं पुन्हा लिहीत नाही. मला फक्त एका मोळीच्या दिवसाबद्दल बोलायचंय. त्या दिवसाचं खरं काय ते तुम्ही आणि मी सोडून कुणालाच ठाऊक नाही, असं मी अकरा वर्षं धरून चालले होते.

मी आले तेव्हा हंगामी होते. बारामतीला एमसीए केलेली, अंथुर्ण्याच्या शाळामास्तरांची मुलगी, नाकावर माशी बसू न देणारी. तुम्ही सर्व्हरच्या गारठलेल्या खोलीत कानाला मफलर गुंडाळून बसला होता, तेही भर मे महिन्यात. माझी गुणपत्रिका तुम्ही उघडलीसुद्धा नाहीत. विचारलंत, "कवा दारं धरलीस का?" म्हणजे पाटाचं पाणी एका सरीतून दुसरीत वळवलंयस का. मला राग आला. मी म्हटलं, सर, मी डेटाबेस शिकून आलेय, उसाला पाणी द्यायला नाही. तुम्ही हसला नाहीत, रागावलाही नाहीत. जमीन आहे का, विचारलंत. आहे म्हटलं, दोन एकर, पण कालव्याच्या चारीच्या अगदी शेवटी, पाणी आलं तर आलं. "मंग टेलची हायस तू. टेलच्या माणसाला हे काम लवकर कळतं," म्हणालात आणि माझ्यासाठी खुर्ची सरकवलीत. आमच्या घरी पाण्यावरून इतकी वर्षं भांडणं ऐकली होती, पण टेलला असणं ही पात्रता आहे असं पहिल्यांदाच कुणी म्हणालं होतं.

काम होतं मेमरीच्या वाटपाचं. सर्व्हरची मेमरी थोडी आणि मागणारे फार. डिस्कवर सगळं असतं, पण तिथून आणायला वेळ लागतो. मेमरीत असेल तर लगेच मिळतं. म्हणून त्या थोड्या मेमरीचे वाटे घालायचे. एक वाटा सतत लागणारा डेटा हाताशी ठेवायला, एक लांबलचक याद्या क्रमानं लावायला, बाकीचा किरकोळ कामांना. हंगामात वजनकाट्याला पहिला वाटा मोठा लागतो. उसाचा ट्रॅक्टर काट्यावर चढला की शेतकऱ्याची नोंद, तोडणीची टोळी, गाडीचा नंबर झटक्यात पडद्यावर आला पाहिजे, कारण मागं रांग असते. हंगाम नसला की काटे बंद, आणि शेतकी खात्याच्या याद्या सुरू. कुणाची लागण कधीची, कुणाच्या उसाला तोड आधी. तेव्हा दुसरा वाटा मोठा लागतो.

हे वाटे तुम्ही हातानं बदलायचात, वर्षातून दोनदा. हंगाम संपला की एकदा आणि मोळीच्या दिवशी सकाळी एकदा. सगळा कारखाना गव्हाणीपाशी पूजेला उभा असायचा आणि तुम्ही आत मफलर बांधून आकडे टाकत बसायचात. कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला होता, त्यावर पेन्सिलीनं दोन रकाने, हंगाम आणि बिगरहंगाम. काम झालं की पूजेच्या नारळाचं खोबरं घेऊन तुम्ही तिन्ही काट्यांवर जायचात आणि काटेवाल्यांच्या हातावर तुकडा तुकडा ठेवायचात. तात्यांचं खोबरं आलं म्हणजे वाटप झालं, हे साऱ्या कारखान्याला माहीत. एवढ्या वर्षांत तुमचं ते काम एकदाही राहिलं नव्हतं. आपल्याकडं माणसं घड्याळ विसरतील पण असला नेम विसरत नाहीत.

एकदा सर्व्हरला मेमरी वाढवायची म्हणून आपण दोघं बारामतीला गेलो होतो. येताना एसटीत तुम्ही मेमरीच्या त्या पट्ट्या उपरण्यात गुंडाळून मांडीवर धरल्या होत्या, पहिलटकरणीच्या बाळासारख्या. कंडक्टरनं विचारलं, तात्या, एवढं काय जपताय? तुम्ही म्हणालात, कारखान्याचं डोकं हाय. तो बिचारा तिकीट न फाडताच पुढं गेला आणि मग ओशाळून परत आला. त्या दिवशी तुम्ही मला तुमच्या वडिलांचं सांगितलंत. ते पाटकरी होते, कालव्याचं पाणी वाटणारे. पाण्याची पाळी सुटायच्या आदल्या दिवशी ते सायकलवरून टेलपर्यंत जाऊन यायचे. वरची माणसं म्हणायची, पाणी वरून सोडायचं, तू खाली कशाला कडमडतोस? ते म्हणायचे, वरच्यांला मी दिसतो, खालच्यांला मी बघाया पायजे. मी खिडकीतून बाहेर बघत होते. आमच्या चारीवर असा सायकलवाला कधी आल्याचं मला आठवत नव्हतं.

मग आपल्या भांडणाचं वर्ष आलं.

डेटाबेसची नवी आवृत्ती आली, आणि मी पुण्याला आठ दिवसांचं ट्रेनिंग करून आले. येताना डोक्यात वारं भरून आले. नव्या आवृत्तीत मेमरीचं वाटप आपोआप व्हायचं. आपण फक्त एकूण मेमरी सांगायची. कुठलं काम अडलंय, कुठला वाटा नुसता पडून आहे, हे डेटाबेस स्वतः बघतो आणि इकडचं काढून तिकडं देतो, दिवसभर, न सांगता. मी तुम्हाला ते दोन तास समजावलं. तुम्ही मन लावून ऐकलंत, वहीत लिहून घेतलंत, आणि शेवटी म्हणालात, "पाटाला पाटकरी लागतोय."

मी काय काय बोलले ते आठवून आता लाज वाटते आणि हसूही येतं. मी म्हटलं, तात्या, माणूस वर्षातून दोनदा वाटतो, हे दर काही मिनिटांनी वाटतं. माणूस झोपतो, आजारी पडतो, सोयऱ्याच्या लग्नाला जातो. तुम्ही म्हणालात, खरं हाय. मी म्हटलं, तुमच्या कागदावरचे आकडे तुम्ही अंदाजानं काढलेत, हे मोजून काढतं. त्यालाही तुम्ही खरं हाय म्हणालात. तुमचं हे फार वाईट होतं. भांडणात समोरच्याचं निम्मं कबूल करून टाकायचात, आणि मग भांडायला धड काही उरायचं नाही. मग शांतपणे म्हणालात, "त्याला आज कोण तहानलंय ते कळतंय. उद्या कोण येणार हाय ते कळत न्हाय. मोळी कवा हाय ते त्याला कोण सांगणार?" मी म्हटलं, सांगायला लागत नाही, मागणी आली की ते देतं. तुम्ही गप्प बसलात. तुम्ही हरलात, असं मला वाटलं.

आषाढात तुम्ही म्हणालात, कर. मी केलं. आणि तात्या, चांगलं चाललं. शेतकीच्या ज्या यादीला जेवणाची सुट्टी पुरायची नाही ती चहा होईस्तोवर हातात यायला लागली. शेतकी अधिकारी स्वतः येऊन माझं कौतुक करून गेले. तुम्हीही त्यांच्याबरोबर माना डोलावत होता. मी कपाटाच्या दारावरचा तो कागद काढून टाकला. फाडला नाही, घडी करून पर्समध्ये ठेवला, पण काढला. मोळीच्या आदल्या दिवशी तुम्ही सहज विचारलंत, एकदा बघायचं का? मी ऐटीत म्हटलं, तात्या, यंदा तुम्ही काही करायचं नाही. नुसतं खोबरं खायचं.

मोळीच्या दिवशी दहाला पूजा झाली. साडेदहाला तिन्ही काटे सुरू झाले, आणि अकराला फोन आला की पावती निघत नाही. निघत होती, पण एका गाडीला तीन-तीन, चार-चार मिनिटं लागत होती. पाहिलं तर काट्याचा वाटा आटून तळाला गेलेला. चार महिने काटे बंद होते, कुणी काही मागितलं नाही, म्हणून डेटाबेसनं तो वाटा घोटाघोटानं काढून याद्यांना देऊन टाकला होता. त्याचं काही चुकलं नव्हतं. त्याला जसं शिकवलं तसंच ते वागलं. आणि नेमकी त्याच सकाळी शेतकी खात्यानं सगळ्या गटांची तोडणीची यादी काढायला लावली होती. म्हणजे काटाही मागतोय आणि यादीही मागतेय. डेटाबेस थोडं इकडं द्यायचा, परत काढून घ्यायचा, परत द्यायचा. दोघंही उपाशी.

काट्याचा वाटा अमुक आकड्याच्या खाली जाऊ नये, असं किमान बांधून देता येत होतं. ट्रेनिंगमध्ये शिकवलंही होतं. मी शून्य ठेवलं होतं, कारण आपोआप म्हणजे पूर्ण आपोआप. टेलच्या दोन एकरांवर वाढलेली पोर मी, आणि टेललाच विसरले.

दीडपर्यंत ट्रॅक्टरची रांग हमरस्त्याला लागली. बैलगाड्या मध्ये अडकल्या, उन्हात ऊस वाळायला लागला, बैलांना पाणी पाजायला जागा मिळेना. तोडणीच्या बायका पोरांना घेऊन गाड्यांच्या सावलीला बसल्या होत्या. पूजेला आलेले संचालक अजून जेवत होते, त्यांना ती रांग पंगतीतून दिसत होती. एमडी साहेबांनी आपल्याला केबिनमध्ये बोलावलं.

मी जिन्यावरून चढताना मनात वाक्य जुळवत होते. माझी चूक झाली, एवढंच म्हणायचं होतं. त्याच महिन्यात माझ्या कायम होण्याचा कागद सह्यांसाठी फिरत होता, हे मला माहीत होतं आणि तुम्हालाही. एमडी साहेबांनी उभ्या उभ्याच विचारलं, "तात्या, हे कुणी केलं?"

"माझ्याकडनं ऱ्हायलं सायब," तुम्ही म्हणालात. "मोळीचं वाटप करायचं ध्यानात न्हाय ऱ्हायलं."

इतकं सरळ म्हणालात की त्यात शंका घ्यायला जागाच नव्हती. आपोआप वाटपाचं त्यांना काय माहीत? सगळ्यांना माहीत होतं ते एवढंच, की मोळीच्या सकाळी तात्या आकडे बदलतात. तर यंदा बदलले नाहीत. म्हातारा झाला, विसरला. साहेब तुमच्याकडं बघत राहिले. तुम्ही टोपी हातात घेऊन उभे होता. मी तुमच्यापासून हातभर अंतरावर होते आणि माझं ते जुळवलेलं वाक्य तोंडात तसंच राहिलं. तुम्ही मला अडवलं नाहीत, डोळ्यानं खुणावलंही नाहीत. मी माझ्या मनानंच गप्प बसले. हे मला स्पष्ट लिहायचंय, कारण पुढं कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत राहिले की तात्यांनी मला बोलू दिलं नाही. तसं काही नव्हतं. बोलायला भरपूर वेळ होता.

खाली आल्यावर मला वाटलं आता ऐकवणार. सांगितलं हुतं का न्हाय, असं म्हणणार. तुम्ही म्हणालात, शेतकीची यादी दोन तास थांबव, डेटाबेस बंद करून चालू कर, आणि त्याआधी काट्यासाठी किमान बांध. मी म्हटलं, आपोआप वाटप बंदच करते, तुमचे जुने आकडे टाकते, कागद आहे माझ्याकडं. पर्समधून काढलाही. तुम्ही तो माझ्या हातातून घेतलात आणि खिशात घातलात.

"बंद करू नगंस," म्हणालात. "चार म्हैने चांगलं केलंय त्यानं. टेलला पाणी पोचंल एवढं बांधून दे, वरचं त्याला वाटू दे."

मी किमान टाकलं. तुम्ही माझ्या खांद्यावरून वाकून स्वतः एक ओळ टाइप केलीत, त्या सेटिंगच्या शेजारी, दोन बोटांनी, सावकाश. 'काट्यासाठी एवढं राखून'. साडेतीनला रांग हलली. पाचला तुम्ही चहा मागवलात आणि मफलर काढून ठेवलात, कारण तुम्हाला घाम आला होता.

तात्या, त्या एका दिवसानं आपल्या दोघांची वर्षं बदलली. जानेवारीत मी कायम झाले. मे महिन्यात तुम्ही निवृत्त झालात. तुम्हाला दोन वर्षं मुदतवाढ द्यायची असं दिवाळीपर्यंत सगळे बोलत होते, मोळीनंतर तो विषयच कुणी काढला नाही. निरोपसमारंभात एका संचालकांनी हसत हसत म्हटलं, आता तात्यांना विसरायची मुभा आहे. सगळे हसले. तुम्हीही हसलात. मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या, हेही इथं लिहून ठेवते.

पुढच्या महिन्यात, पाच महिने उशिरा, कायम झाल्याचे पेढे घेऊन मी कळंबला तुमच्या घरी आले होते. खरं तर माफी मागायला आले होते. काकूंनी सांगितलं, मळ्यात आहेत. तुम्ही डाळिंबाच्या बागेत ठिबकच्या पेटीसमोर खाट टाकून बसला होता. ठिबक आपोआप चालणारं. वेळ झाली की एकेका भागाची झडप उघडते, मिटते, माणसाचं काही काम नाही. मी म्हटलं, तात्या, हे आपोआप आहे ना? "हाय की." मग तुम्ही कशाला बसलाय? तुम्ही म्हणालात, "आपोआप चालतंय का न्हाय ते बघाया." मी इतकी हसले की ज्या गोष्टीसाठी आले होते ती हसण्यात वाहून गेली. नंतर तुम्ही मला बागेच्या पार शेवटच्या ओळीपर्यंत चालत नेलंत आणि वाकून नळीतून पडणारा थेंब तळहातावर घेऊन दाखवलात. मी पुन्हा एकदा तोंड उघडलं. तुम्ही म्हणालात, पेढं काकूकडं दे, मला साखर हाय. विषय संपला.

तेव्हापासून तुमचे फोन. किती राखलंस. तुमचं म्हणणं, निम्मी मेमरी काट्याला बांधून ठेव. माझं म्हणणं, तिसरा हिस्सा पुष्कळ झाला, बाकीचं आपोआप जिथं हवं तिथं जातंय, दहा हंगामांचे आलेख आहेत माझ्याकडं, काटा एकदाही अडला नाही. तुम्ही म्हणायचात, आलेख झालेलं दावतोय. मी म्हणायचे, तात्या, बांधून ठेवलेलं वापरलं नाही तर तेही वायाच. तुम्ही म्हणायचात, खरं हाय, थोडं वाढीव. हे भांडण आपलं मिटलं नाही आणि मिटावं असं मला कधी वाटलंही नाही. ते मिटलं असतं तर तुम्ही कशाला फोन केला असता?

गेल्या आठवड्यात कारखान्यात तुमची शोकसभा झाली. टाइम ऑफिससमोर सतरंज्या टाकल्या होत्या. जो तो तुमच्या शिस्तीबद्दल बोलला, आणि जवळजवळ प्रत्येकानं शेवटी ते एक जोडलं, की एवढ्या वर्षांत तात्या एकदाच चुकले. प्रेमानं म्हणत होते. देवमाणसालाही एक चूक असू द्यावी, तशा मायेनं. तिसऱ्यांदा ते ऐकलं आणि मी उठून उभी राहिले. माझं नाव यादीत नव्हतं. मी सांगितलं की तात्या त्या दिवशी काही विसरले नव्हते. वाटप माझ्याकडं होतं, काट्यासाठी मी काहीच राखलं नव्हतं, त्यांनी ते स्वतःवर घेतलं आणि मी घेऊ दिलं. चार वाक्यं. मी खाली बसले आणि पुढचा माणूस खाकरून तुमच्या शिस्तीबद्दल बोलायला लागला.

सभा संपल्यावर दोन नंबर काट्यावरचे मारुतीराव माझ्या मागं मागं आले. त्यांचंही हे शेवटचं वर्ष. म्हणाले, "मॅडम, हे तुमी आज सांगाया नको हुतं."

मी म्हटलं, मारुतीराव, मला राहवलं नाही, लोकांना खरं कळायला हवं होतं.

"तसं न्हाय ओ. आमाला ठावंच हुतं. आमी तिघं काटेवाले अकरा वर्सं गप बसलोय, आन् तुमीच बोलून बसला." मग ते काट्याच्या कठड्याला टेकले आणि म्हणाले, "त्या दिशी सकाळी तात्या खोबरं घिऊन आलं. म्या इचारलं, झालं का वाटप? म्हणलं, औंदा मी न्हाय केलं, प्रज्ञानं केलंय, लई झ्याक केलंय. तिन्ही काट्यांवर तेच सांगत फिरलं. अन् दुपारच्याला परत आलं, टोपी हातात. म्हणलं, मारुती, सकाळी मी हितं काय बोललोच न्हाय. पोरीची कायमची ऑर्डर निघायची हाय."

तात्या, मी तिथंच काट्याच्या लोखंडी पट्टीवर बसले आणि रडले. मारुतीराव बिचारे घाबरून पाणी आणायला पळाले. तुम्ही माझी चूक पोटात घातलीत, ते मला माहीत होतं, त्याचं ओझं मी वागवत होते. पण सकाळीच तुम्ही तिन्ही काट्यांवर माझं कौतुक वाटत फिरला होता, खोबऱ्याबरोबर, हे मला माहीत नव्हतं. ज्या वाटपाला तुमचा वर्षभर विरोध होता त्याचं कौतुक. मला वाटायचं तुम्ही मनातून हरला होता म्हणून गप्प होता. तुम्ही तर खूश होता. आणि दुपारी त्याच तीन ठिकाणी परत जाऊन स्वतःचे शब्द मागं घेताना तुम्हाला काय वाटलं असेल, ते मला आता कुणी सांगू शकत नाही. विचारायला तुम्ही हवे होता.

आता शेवटचं, आणि हे कामाचं. यंदा नवा सर्व्हर आलाय. पुण्याहून एक इंजिनिअर आले होते, हुशार आहेत, बोलायलाही चांगले. त्यांच्याजवळ करायच्या कामांची यादी होती. त्यात एक होतं, जुन्या सर्व्हरवरून आलेली, हातानं घातलेली सगळी किमानं काढून टाका, नवी आवृत्ती सगळं आपोआप बघते. एकेक करून मी काढली. खरोखरच बरीचशी निरुपयोगी होती. मग ती ओळ आली. 'काट्यासाठी एवढं राखून'. ते म्हणाले, मॅडम, ही पण. मी म्हटलं, ही राहणार. त्यांनी कारण विचारलं. मी म्हटलं, परवा मोळी आहे, हे याला माहीत नाही. त्यांनी मोळी म्हणजे काय विचारलं, आणि मग आमचं दोन तास भांडण झालं. अगदी आपल्यासारखं. त्यांचं निम्मं मला कबूल होतं आणि मी ते कबूल केलं.

ते गेल्यावर मी तुमच्या ओळीखाली माझी एक ओळ घातली. 'काट्यासाठी प्रज्ञानं काहीच राखलं नव्हतं, भानुदास तात्यांनी राखायला लावलं. काढू नये.' माझ्यानंतर जो कोणी हे उघडेल त्याला कुणाचं काय ते कळेल. आणि आकडा वाढवलाय. निम्म्यावर नाही नेला, तेवढी मी अजून ऐकायची नाही. पण थोडा वाढवलाय. आलेख म्हणतात गरज नाही. असेल नसेल. यंदा बघते म्हटलं नाही.

परवा पूजा झाली की मी खोबरं घेऊन तिन्ही काट्यांवर जाणार आहे. मारुतीराव विचारतीलच, झालं का वाटप. मी सांगणार आहे, यंदा मी नाही केलं, तात्यांनी केलंय, लई झ्याक केलंय.